काही नाही, झोपा तुम्ही

रात्रीचे दोन वाजलेले. ती जागी आहे, कारण केमोबरोबर दिलेल्या स्टिरॉइडने झोप उडाली आहे. तोही जागा आहे. सकाळी मोरीच्या जाळीवर साचलेले तिचे केस त्याने कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकले आणि तिला कळू दिलं नाही. तो कूस बदलतो. “जागी आहेस का गं?” “काही नाही, झोपा तुम्ही.” एवढंच बोलणं होतं. मग पहाटेपर्यंत दोघंही छताकडे बघत पडून राहतात. दुसऱ्याची झोप मोडू नये म्हणून कुणी हालतही नाही.

हे जोडपं परभणीचं असेल, सांगलीचं असेल किंवा डोंबिवलीच्या दोन खोल्यांतलं. उपचारांसाठी परळच्या टाटा रुग्णालयात येऊन दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेलं असेल. तिथे तर एवढं कुजबुजायलाही आडोसा मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगाचं नवं निदान झालं. पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे हा आजार साधारण दहा वर्षं आधीच्या वयात गाठतो. म्हणजे मुलं शाळेत, घराचे हप्ते चालू, सासू-सासरे थकलेले, अशा भरल्या संसारात. निदानाचा कागद एकीच्या नावाने निघतो आणि रात्री मात्र दोघांच्या जातात.

त्या रात्रीच्या बोलण्याला मानसशास्त्रात एक नाव आहे. जेम्स कॉइन आणि डेव्हिड स्मिथ या अमेरिकी संशोधकांनी १९९१ मध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांच्या बायकांचा अभ्यास केला. नवऱ्याला ताण नको म्हणून या बायका स्वतःची काळजी गिळत होत्या, वाद टाळत होत्या, पटलं नाही तरी हो म्हणत होत्या. या वागण्याला त्यांनी जे नाव दिलं, त्याला मराठीत ‘जपण्यापोटी लपवणं’ म्हणता येईल. अशा लपवण्याची किंमत लपवणारी स्वतः मोजत होती. तिचं मन जास्त खचत होतं. पुढे शॅरन मॅन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी स्तनाच्या कर्करोगाला तोंड देणाऱ्या जोडप्यांमध्ये हाच धागा अनेक वर्षं तपासला. इथे लपवणं दोन्ही बाजूंनी चालतं. ती त्याला जपते, तो तिला जपतो आणि प्रेमापोटीच दोघं एकेकटे पडतात.

आपल्याकडे या लपवण्याची सुरुवात बऱ्याचदा डॉक्टरांच्या खोलीतच होते. रिपोर्ट आला की “बाहेर बसा जरा” असं तिला सांगून नवऱ्याला किंवा मोठ्या मुलाला आत बोलावलं जातं. “तिला नका सांगू, खचेल ती,” असं तोच हात जोडून सांगतो. घरी ‘साधी गाठ आहे’ म्हणायचं ठरतं. पण ज्या मजल्यावर सगळ्यांच्या डोक्याला रुमाल बांधलेले आहेत, तिथे बसलेल्या बाईला काय झालं आहे ते कळतंच. आपल्याला कळलंय हे नवऱ्याला कळू नये म्हणून मग तीही नाटक करते. मला वाटतं, नंतरच्या समुपदेशनाचं निम्मं कष्टाचं काम या एका दुपारचं ओझं उतरवण्यात जातं. निदान दोघांना एकत्र बसवून सांगणं ही मानसिक आधाराची पहिली पायरी आहे आणि तिला पैसे लागत नाहीत.

बाईला शेवटी कळायचं, ही रीत फक्त आपलीच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाल्टिमोरच्या विल्यम हॉलस्टेड यांनी रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढून टाकत. ती पद्धत अनेक दशकं टिकली. अमेरिकेत १९७० च्या दशकापर्यंत गाठीची तपासणी आणि शस्त्रक्रिया एकाच भुलीत उरकण्याची पद्धत होती. बाई टेबलावर झोपायची तेव्हा जाग आल्यावर स्तन असेल की नसेल हे तिला माहीत नसायचं. बाहेर उभ्या नवऱ्याला आधी कळायचं. रोझ कुश्नर या पत्रकार बाई स्वतः या आजाराच्या रुग्ण होत्या. त्यांनी या पद्धतीविरुद्ध झुंज दिली. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीने तपासणी आणि शस्त्रक्रिया वेगळ्या करण्याची शिफारस केली. दोन्हींच्या मधल्या त्या काही दिवसांत नवरा-बायकोला एकमेकांशी बोलायला, डॉक्टरांना विचारायला आणि रडायला वेळ मिळाला. मानसिक आधाराच्या इतिहासात ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

त्याआधी, १९५२ मध्ये, न्यूयॉर्कच्या टेरिस लॅसर यांनी स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर एक उद्योग सुरू केला होता. नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या बायकांच्या खाटेशी त्या जाऊन बसत. हाताच्या व्यायामासाठी चेंडू आणि दोरी देत, आतल्या कपड्यात घालायची तात्पुरती गादी देत आणि घरी गेल्यावर काय होईल ते सांगत. काही शल्यविशारदांना ही ढवळाढवळ खपली नाही, पण ‘हिलाही झालं होतं आणि ही चालत आली आहे’ हे दृश्यच मोठं औषध होतं. मुंबईत व्ही केअरसारख्या संस्थांचे स्वयंसेवक आज हेच करतात. त्यांच्यातले कितीतरी जण स्वतः कर्करोगातून उठलेले आहेत. १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयात जिमी हॉलंड या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी कर्करोग रुग्णांच्या मनासाठी स्वतंत्र विभाग उभा केला आणि या कामाला वैद्यकात जागा मिळवून दिली. नाडी, ताप, रक्तदाब यांच्यासारखाच मनाचा त्रासही दर भेटीत मोजावा, असा आग्रह या शाखेने धरला. त्यासाठी कागदावर तापमापीचं चित्र असतं, शून्य ते दहा. गेल्या आठवड्यात किती त्रास झाला त्या आकड्यावर खूण करायची. चार किंवा त्याहून वर खूण असेल तर समुपदेशकाने भेटायला हवं. इतकं साधं साधन आहे. माझं म्हणणं एवढंच की दुसरी तापमापी शेजारी बसलेल्या नवऱ्याच्याही हातात द्यावी.

कारण नवऱ्याकडे कुणी बघत नाही. डेन्मार्कमध्ये ११ लाखांहून अधिक पुरुषांच्या नोंदी तेरा वर्षं तपासल्या गेल्या. त्यांपैकी सुमारे वीस हजार जणांच्या जोडीदारणीला या काळात स्तनाचा कर्करोग झाला. तीव्र नैराश्यामुळे रुग्णालयात दाखल होण्याची शक्यता या पुरुषांमध्ये इतरांपेक्षा ३९ टक्क्यांनी जास्त आढळली. आजार उलटला किंवा बायको गेली, तर आणखी जास्त. २०१० मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्याकडचा नवरा रक्तदात्यांना फोन करतो, महात्मा फुले योजनेच्या खिडकीशी रेशनकार्ड घेऊन उभा राहतो, फाइल छातीशी धरून नंबर कधी लागेल ते बघतो. शस्त्रक्रियेनंतर बाईच्या कुशीतून निघालेल्या नळीची पिशवी रोज रिकामी करून किती मिलिलिटर पाणी निघालं ते वहीत तारीखवार लिहितो. ही वही त्याच्या प्रेमाचा सगळ्यांत खरा पुरावा असते. पण कुणी “तुम्ही कसे आहात?” असं विचारलं की तो बायकोची प्रकृती सांगू लागतो. पुरुषाला धावपळ जमते, नुसतं शेजारी बसणं जमत नाही. ते त्याला कुणी शिकवलेलंही नसतं.

स्विस मानसशास्त्रज्ञ गी बोडेनमान १९९० च्या दशकापासून जोडप्यांच्या ताणाबद्दल जे मांडत आले, ते इथे उपयोगी पडतं. ताण ही एकट्याची खाजगी गोष्ट नसून एक जण खुणा देतो, दुसरा त्या वाचतो आणि प्रतिसाद देतो, अशी ती देवघेव आहे. घोटाळा बहुधा वाचण्यात होतो. काखेतल्या गाठी काढलेली बाई म्हणते, “हात दुखतोय, आज भाकरी नाही थापल्या.” नवरा लगेच म्हणतो, “मग बाहेरून आणतो की!” त्याने भाकरीचा प्रश्न सोडवला. तिने मात्र भाकरीबद्दल बोलायला सुरुवातच केली नव्हती. तिला सांगायचं होतं की हा हात आता माझा वाटत नाही, वीस वर्षं जे न बघता जमायचं ते जमत नाही आणि उद्या या घरात माझं काय काम उरेल? समुपदेशक अशा वेळी थांबवतो. नवऱ्याला विचारतो, “त्या काय म्हणाल्या असं तुम्हाला वाटतं?” त्याने सांगायचं, तिने बरोबर की चूक ते सांगायचं, मगच उपायाकडे वळायचं. हे पोरखेळासारखं वाटतं खरं, पण तीस वर्षांच्या संसारात एकदाही न घडलेली गोष्ट त्या दहा मिनिटांत घडू शकते.

शॅरन मॅन यांनी तपासलेला जोडप्यांसाठीचा गट-कार्यक्रम सहा बैठकांचा होता. प्रत्येक बैठक दीड तासाची. त्यात ताण हलका करण्याचे व्यायाम, एकमेकांना काय हवं ते स्पष्ट सांगण्याचा सराव, शरीरसंबंधांबद्दलचं बोलणं आणि उपचार संपल्यावरच्या आयुष्याची तयारी होती. २००५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. गटात भाग घेतलेल्या बायकांमध्ये नैराश्याची लक्षणं कमी होती आणि नवऱ्याचा आधार पुरत नाही असं ज्यांना वाटत होतं त्यांना या गटाचा विशेष फायदा झाला. सगळ्यांना सगळं बोलायला लावलं पाहिजे, असा याचा अर्थ मी काढणार नाही. काही जोडपी मुळातच अबोल असतात आणि त्यांचं बरं चाललेलं असतं. तो तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवतो, ती समजते. चांगला समुपदेशक अशा घरात खोदकाम करत नाही. तो फक्त बघतो की हे मौन दोघांना विसाव्याचं वाटतंय की धाकाचं.

एक धाक बाहेरूनही येतो. “पॉझिटिव्ह राहा, अर्धी लढाई मनाची असते.” शेजारणी, नातेवाईक, व्हॉट्सअ‍ॅप, सगळे हेच सांगतात. हॉलंडबाईंनी याला सकारात्मक विचारांची जुलूमशाही म्हटलं होतं. त्यामागे एक शास्त्रीय कहाणीही आहे. स्टॅनफर्डचे डेव्हिड स्पीगल यांनी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक शोधनिबंध लिहिला. आजार पसरलेल्या ८६ स्त्रियांपैकी ज्यांनी वर्षभर दर आठवड्याच्या गटात मन मोकळं केलं, त्या सरासरी साडेछत्तीस महिने जगल्या आणि बाकीच्या सुमारे एकोणीस. जगभर खळबळ उडाली. पण २००१ मध्ये कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात आणि नंतर खुद्द स्पीगल यांच्याच पुन्हा केलेल्या प्रयोगात आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. कॅनडातल्या अभ्यासात गटातल्या बायकांचा मानसिक त्रास आणि वेदना मात्र कमी झाल्या. मला ही बातमी सुटकेची वाटते. रडलं म्हणून कुणाची गाठ वाढत नाही. आजार उलटला तर ‘माझंच मन कमी पडलं’ असं कुठल्याही बाईने म्हणू नये आणि ‘तू टेन्शन घेतेस म्हणून’ असं कुठल्याही नवऱ्याने म्हणू नये. मनाचा आधार आयुष्याचे दिवस वाढवण्यासाठी द्यायचा नसतो, आहेत ते दिवस सुसह्य व्हावेत म्हणून द्यायचा असतो.

आता शरीराबद्दल, कारण सगळ्यांत जास्त मौन तिथे आहे. पट्टी सुटल्यावर पहिल्यांदा आरशात बघायचं असतं. काही बायका महिनोन् महिने बघत नाहीत. आरशावर टॉवेल टाकून आंघोळ करतात. नवऱ्याने बघावं का, कधी बघावं, यावर कुणी बोलत नाही. खरं तर पूर्ण स्तन दर वेळी काढावाच लागतो असं नाही. पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर आणि मिलानचे उम्बेर्तो व्हेरोनेसी या शल्यविशारदांच्या अभ्यासांचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. लहान गाठीपुरता भाग काढून नंतर शेक दिला, तर पूर्ण स्तन काढल्याइतकंच आयुष्य मिळतं, हे त्यांनी सिद्ध केलं. पण आपल्याकडे अनेक बायका गाठ मोठी झाल्यावर येतात, त्यामुळे स्तन काढण्यावाचून बऱ्याचदा गत्यंतर नसतं. सुती धाग्यांनी विणलेले हलके कृत्रिम स्तन स्वयंसेविका बनवून देतात, सिलिकॉनचेही मिळतात. ते कपड्यांचा तोल सावरतात. कपडे उतरल्यावरचा प्रश्न वेगळाच असतो.

तो तिला हात लावत नाही, कारण दुखेल अशी त्याला भीती वाटते. तिला वाटतं, आता मी नकोशी झाले. दोघांच्याही मनात एकेक वाक्य तयार असतं आणि दोन्ही चुकीची असतात. त्यात केमोमुळे पाळी अकाली जाते, टॅमॉक्सिफेनची गोळी पाच-दहा वर्षं चालते, अंगातून वाफा येतात, योनीमार्ग कोरडा पडतो, संबंध दुखतात. हे औषधांचं काम आहे, प्रेम आटल्याचं लक्षण नाही, हे एक वाक्य डॉक्टरांनी आपणहून सांगितलं तरी कितीतरी घरांतली तेढ सुटेल. संप्रेरक नसलेली वंगणं मिळतात. संप्रेरकाचं मलम मात्र कर्करोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय वापरू नये. केमोनंतर काही दिवस निरोध वापरावा आणि उपचारांच्या काळात गर्भ राहू देऊ नये. कर्करोग संबंधातून किंवा शेजारी झोपल्याने चिकटत नाही. हे शेवटचं वाक्य छापायला नको होतं असं सुशिक्षित वाचकाला वाटेल, पण वेगळी ताटवाटी आणि वेगळं अंथरूण आजही घराघरांत दिसतं.

या विषयावर बोलण्याची एक पायरीपायरीची पद्धत मानसशास्त्रज्ञ जॅक ॲनन यांनी १९७६ मध्ये मांडली. आधी परवानगी, म्हणजे ‘बऱ्याच जोडप्यांना हा त्रास होतो, तुम्हाला आहे का?’ असं विचारून दार उघडायचं. मग जुजबी माहिती, मग नेमक्या सूचना आणि अगदी थोड्या जोडप्यांना लैंगिक समस्यांच्या तज्ज्ञाकडे सविस्तर उपचार. बहुतेकांचं काम पहिल्या दोन पायऱ्यांवरच भागतं. नेमक्या सूचनांपैकी एक मास्टर्स आणि जॉन्सन या लैंगिकतेच्या अभ्यासकांच्या १९७० च्या कामातून आलेली आहे. काही आठवडे संबंध ठेवायचेच नाहीत असं ठरवून घ्यायचं. फक्त स्पर्श, पाठ, केस, तळवे, आणि कुठे बरं वाटतं ते सांगायचं. परीक्षा नाही म्हटल्यावर दोघांचंही अंग सैल होतं. डोक्याला तेल लावून देण्याची आपली सवय इथे उत्तम उपयोगी पडते, केस उगवत असतानाही.

सगळी जोडपी टिकत नाहीत, हेही लिहिलं पाहिजे. अमेरिकेत ५१५ गंभीर आजारी रुग्णांच्या २००९ मधल्या अभ्यासात आजारी व्यक्ती स्त्री असेल तेव्हा जवळपास २१ टक्के लग्नं मोडली, पुरुष असेल तेव्हा तीन टक्केही नाही. त्यात मेंदूच्या गाठी, इतर कर्करोग आणि मज्जासंस्थेचे आजार होते. दुसरीकडे डेन्मार्कच्या २००७ मधल्या मोठ्या अभ्यासात स्तनाच्या कर्करोगानंतर घटस्फोट वाढल्याचं आढळलं नाही. आपल्याकडे घटस्फोटाचे आकडे पाहून काही कळणार नाही. इथे बाईला ‘विश्रांतीसाठी’ माहेरी पाठवतात आणि कुणी न्यायला येत नाही. अशा ठिकाणी जोडप्याचं समुपदेशन करत बसणं तिच्यावर अन्याय ठरेल. तिला आधी वैद्यकीय समाजसेवक, कायद्याची मदत आणि माहेरची भक्कम पाठ हवी.

जोडपं म्हणजे तरी आपल्याकडे नेमकं कोण? संशोधक केरन कायझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये भारत, चीन आणि अमेरिका इथल्या जोडप्यांची तुलना प्रसिद्ध केली. कुटुंबाची सीमा कुठे आखली जाते, हा त्यातल्या फरकांचा एक मुख्य मुद्दा होता. इथे निर्णयाच्या वेळी दीर, जाऊ, मामा सगळे खोलीत असतात. त्यामुळे धुणं, डबे, मुलांची शाळा निभावते. पण सासूसमोर नवऱ्याने बायकोचं डोकं मांडीवर घ्यावं तरी कसं? म्हणून काही समुपदेशक सासूलाच एकदा बोलावतात आणि या दोघांना रोज अर्धा तास एकटं सोडा, असं औषधासारखं लिहून देतात. डॉक्टरांनी सांगितलंय म्हटलं की घर ऐकतं.

उपचार संपतात तेव्हा पेढे वाटले जातात आणि तिथून बाई जास्त घाबरते. आठवड्याआठवड्याला दिसणारे डॉक्टर आता सहा महिन्यांनी दिसणार. घरच्यांच्या लेखी ‘झालं ना सगळं’. पाठ दुखली तरी तिच्या मनात एकच शंका. फॉलो-अपच्या आधीच्या आठवड्यात घरात विनाकारण भांडणं होतात. ती तारीख कॅलेंडरवर दोघांनी मिळून लिहिली आणि ‘या आठवड्यात आपण चिडणार आहोत’ हे आधीच मान्य केलं, तर भांडणं निदान ओळखीची होतात. मदत मागायची असेल तर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात ‘आम्हा दोघांना समुपदेशकाला भेटायचंय’ असं सरळ सांगावं. गावी असाल तर टेली मानस ही सरकारी मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते.

आणि आजार उलटला, हाडांत किंवा यकृतात गेला, तर औषधांवर वर्षं काढता येतात, पण कधीतरी ती बोलू लागते. लेकीच्या लग्नात माझी पैठणी हिला द्या. वरच्या डब्यात पोस्टाची सर्टिफिकिटं आहेत. गोडा मसाला कसा करायचा ते लिहून घ्या, नाहीतर तुम्ही विकतचा आणाल. आपल्या घरांत इथे ठरलेलं उत्तर येतं, “असं अभद्र बोलू नये.” त्याचा घसा दाटलेला असतो म्हणून तो हे म्हणतो. तिला मात्र ऐकू येतं की आता हेही बोलायचं नाही. वेदनाशामक आणि आधार-उपचारांचं काम करणारे समुपदेशक नवऱ्याला या एका वाक्याऐवजी दुसरं वाक्य सुचवतात. ते लहान आहे, म्हणायला जड जातं आणि त्यासाठी घशातलं दाटणं लपवावं लागत नाही. “बरं, सांग. वही घेऊन येतो.”